गांधीनगर, परदेश

रोज सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, तो पाण्याचा नसतो. ‘गिफ्ट निफ्टी +८२’, पुढे हिरवा बाण. सेक्रेटरी काकांकडून. पाणी पावणेसातला जाणार, हे त्यानंतर कळतं. तोवर निम्मी बिल्डिंग अंगाला साबण लावून उभी असते.

काका हाच आकडा पूर्वी ‘सिंगापूर निफ्टी’ म्हणून टाकायचे. निफ्टीचे फ्युचर्स मुंबईत जून २०००मध्ये सुरू झाले आणि त्याच सप्टेंबरात सिंगापूरनं आपलं दुकान थाटलं. निर्देशांक आपला, कंपन्या आपल्या, उलाढाल डॉलरमध्ये आणि कर तिकडे. परदेशी फंडवाल्याला मुंबईचा कागदी घोळ नको असायचा, तो सिंगापुरात निफ्टी घेऊन मोकळा व्हायचा. २०१८मध्ये आपल्या शेअर बाजारांना जाग आली, ‘आता आमचा निर्देशांक तुम्हाला देणार नाही’ म्हणाले. भांडण लवादापर्यंत गेलं, मग समेट झाला आणि ३ जुलै २०२३ला सगळा धंदा गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत आला. दुकान सकाळी साडेसहाला उघडतं, मध्ये तासाभराची डुलकी, मग रात्री पावणेतीनपर्यंत चालू. आमच्या नाक्यावरचा अंडाबुर्जीवालासुद्धा इतका वेळ गाडी लावत नाही.

घरची लेक घरी आली म्हणून काकांना भरून आलं. डिमॅट आहे, पॅन आहे, आधार आहे, आता एक लॉट घेऊनच टाकू म्हणाले. तेव्हा कळलं की गिफ्ट निफ्टी परदेशी फंडांना चालतो, अनिवासी भारतीयांना चालतो, चालत नाही तो फक्त भारतात राहणाऱ्या काकांना. परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या नजरेत तिथली वित्तसंस्था भारताबाहेर राहणारी. मुंबई सेंट्रलहून वंदे भारतनं साडेसहा तासांत तिथे पोचता येतं, पासपोर्ट लागत नाही, जेवायला ढोकळा मिळतो. पण तो परदेश आहे. गुजरातेत दारूबंदी, पण गिफ्ट सिटीला डिसेंबर २०२३पासून परवान्यानं पिण्याची सवलत. म्हणजे काकांना तिथे निफ्टीचा लॉट मिळण्यापेक्षा एक पेग मिळण्याची शक्यता जास्त.

काका हार मानणारे नव्हेत. स्वदेशी निर्देशांक परदेशात गेला असेल, तर आपण थेट परदेशी निर्देशांकच घेऊ. शिकागोच्या बाजारातला एस अँड पी ५००. मोठा करार नको, मायक्रो. हा मायक्रो काय प्रकार आहे ते ऐका. निर्देशांक गुणिले पाच डॉलर. म्हणजे निर्देशांक सहा हजारांवर असेल, तर हा ‘छोटा’ करार तीस हजार डॉलरचा. बाजार एक टक्का पडला की तीनशे डॉलर गेले. याचा थोरला भाऊ ई-मिनी, तो याच्या दहापट. मिनी त्याचं नाव! आमच्याकडे मिनी म्हटलं की लोकांना बस आठवते. आणि हा बाजार दिवसाचे जवळजवळ तेवीस तास चालतो. आपल्या पहाटे कधीतरी तासभर बंद असतो, तेवढ्यात झोपून घ्यायचं.

काका बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत तुम्ही बाहेर पाठवू शकता. मुलाला शिकवा, घर घ्या, मेव्हण्याला भेट द्या, ॲपलचे शेअर घ्या. दहा लाख रुपयांच्या वर गेलात तर गुंतवणुकीवर वीस टक्के टीसीएस कापू, तो रिटर्नमध्ये मागून घ्या. पण परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन भरायला एक डॉलरही नाही, रिझर्व्ह बँकेची सक्त मनाई. काका म्हणाले, ‘म्हणजे न्यूयॉर्कमध्ये फ्लॅट घेऊन बुडालो तर चालेल?’ ती म्हणाली, ‘हो काका, फक्त फॉर्म ए-टू भरा.’

मनाईमागचं कारण समजतं. मार्जिन ही भोक असलेली बादली. आज ओता, उद्या बाजार फिरला की फोन येतो, आणखी ओता. देशाचे डॉलर असल्या बादलीत जाऊ नयेत, हे ठीक. पण रुपये? सेबीनंच मोजलंय, २०२४-२५मध्ये इथल्या वायदे आणि ऑप्शनमध्ये ९१ टक्के किरकोळ लोकांना तोटा झाला, सगळ्यांचा मिळून एक लाख कोटींच्या वर. त्याला मनाई नाही. बुडणं स्वदेशी असावं, एवढाच आग्रह.

बँकेतून निघाले ते काका थेट एका ॲपवर. तिथे अमेरिका, जर्मनी, जपान, सगळे निर्देशांक एका बोटावर, शंभर डॉलरपासून सुरुवात. पैसे यूपीआयनं, तेही कुठल्याशा ट्रेडर्स अँड सप्लायर्सच्या खात्यात. शिकागोच्या एक्स्चेंजचे पैसे भिवंडीच्या सप्लायरकडे का, असा प्रश्न काकांना पडला नाही, काकूंना पडला. त्यांनी रिझर्व्ह बँकेची सावधगिरीची यादी उघडून चष्मा लावून वाचली. ॲपचं नाव यादीत होतं. संसार वाचला.

खरं तर मुंबईला यात कोणी शिकवायची गरजच नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-बंद होते भाव तारेनं मुंबईत यायचे आणि इथे त्या आकड्यावर पैसे लागायचे. कापसाचं बोंडही न पाहिलेले लोक त्यावर पगार लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडचे भाव येणं बंद झालं, तेव्हा कल्याणजी भगतांनी आणि मागोमाग रतन खत्रींनी मडक्यातून आकडा काढायला सुरुवात केली. परदेशी आयात थांबली, स्वदेशी उत्पादन सुरू झालं. मटक्याला परकीय चलन लागत नव्हतं, हे त्याच्या बाजूनं म्हणायलाच हवं.

आणि दूर बसून दुसऱ्याच्या निर्देशांकावर खेळणं साहेबांना तरी कुठे झेपलं? जपानच्या निक्केईचे फ्युचर्स आधी १९८६मध्ये सिंगापुरात निघाले, खुद्द ओसाकाला दोन वर्षांनी सुचलं. सिंगापुरातच निक लीसन नावाचा पोरगा बसायचा. बँक लंडनची, खुर्ची सिंगापूरची, निर्देशांक जपानचा. तोटा लपवायला ८८८८८ नंबरचं खातं, चिनी लोकांत आठ शुभ म्हणून. १७ जानेवारी १९९५ला कोबेला भूकंप झाला, निक्केई गडगडला, आणि हा वर आणखी घेत सुटला. ८२ कोटी ७० लाख पौंडांचा खड्डा. जमीन हलली कोबेत आणि पडली लंडनची बेरिंग्ज बँक, १७६२ सालची. शेवटी एका पौंडाला विकली गेली. एक पौंड पाठवायला लंडनच्या कुठल्या बँकेनं काय फॉर्म मागितला असेल, देव जाणे.

काकांनी आता नवी व्यवस्था लावलीय. त्यांचा भाचा दुबईत असतो, अनिवासी, त्याला गिफ्ट निफ्टी रीतसर चालतो. त्यानं खातंही उघडलं. काल पहिलाच दिवस. काकांनी आंघोळ उरकून, देवासमोर दिवा लावून बरोबर साडेसहाला त्याला फोन लावला आणि विचारलं, ‘काय म्हणतो बाजार?’

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग जांभई. ‘मामा, इथे पाच वाजलेत. निफ्टीचं तुम्हीच सांगा ना. मी ग्रुपवर तुमचाच मेसेज बघून घेणार होतो.’