योग्य गणवेश

शाळेच्या पालकगटावर सूचना येते ती रविवारी रात्री साडेनऊनंतर. त्या वेळी दुकानं बंद झालेली असतात, इस्त्रीवाला घरी गेलेला असतो आणि मुलीचा एकुलता एक पांढरा मोजा बादलीत भिजत असतो. सूचना एवढीच असते : 'उद्यापासून सर्व विद्यार्थ्यांनी योग्य गणवेशातच यावे. अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.' गणवेशही योग्य आणि कारवाईही योग्य. दोन्ही म्हणजे काय, हे शाळेला ठाऊक असणार अशा श्रद्धेवर आम्ही जगत होतो.

मग गटावर चर्चासत्र सुरू होतं. "योग्य म्हणजे पीटीचा का?" "उद्या सोमवार. सोमवारी रेग्युलर." "पण या सोमवारी मंगळवारचं टाइमटेबल आहे ना?" "आमच्या मोठ्याच्या वेळी सोमवारी हाऊसचा टीशर्ट असायचा." मध्येच कुणाचे तरी आजोबा रात्री दहा वाजता गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवतात. शेवटी वर्गशिक्षिका उगवतात आणि एक अंगठा दाखवून अंतर्धान पावतात. तो अंगठा पीटीला होता, रेग्युलरला होता की गुलाबाला, यावर साडेअकरापर्यंत मतं पडत राहतात. एकदा या अंगठ्याच्या अर्थावरून आमच्या वर्गाचे सरळ दोन तट पडले. सकाळी अर्ध्या मुली ट्यूनिकमध्ये, अर्ध्या ट्रॅकपँटमध्ये, आणि गेटवर दोघींनाही तितकीच बोलणी बसली. तेव्हा ते वर्षभर टिकलेलं एकमेव समान धोरण म्हणायला हरकत नाही.

आम्ही तेव्हा साताऱ्यात राहत होतो. शाळेनं जूनमध्ये एक छापील कागद दिला होता, नाही असं नाही. त्यात 'आकाशी शर्ट, चौकटीचा ट्यूनिक, काळे बूट, पांढरे मोजे, केस नीटनेटके' अशी ओळ होती. तो कागद घेऊन मी खणआळीत गेलो. दुकानदारानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शाळा कुठली?"

मी नाव सांगितलं.

"नवी का जुनी?"

"तशी जुनीच आहे. चाळीसेक वर्षं झाली असतील."

"शाळा न्हवं वो, चौकट! गेल्या साली बारीक चौकट होती. यंदा मोठी आलीय. दोन्ही चालत्यात. फकस्त एका वर्गात दोन्ही दिसली की मॅडम चिडत्यात."

"आणि शर्ट? आकाशी लिहिलंय."

त्यानं गल्ल्यावर शर्टांच्या चार थप्प्या मांडल्या. चारही आकाशी. एक राजवाड्याकडच्या शाळेची, एक पोवई नाक्याकडची, एक कुण्या इंग्लिश मीडियमची आणि चौथी बंद पडलेल्या शाळेची, पण 'धुतल्यावर तुमच्यात मिसळंल' अशी. मी मुलीच्या शाळेचा कागद पुन्हा उलगडला. तो माणूस हसला आणि म्हणाला, "ते ठेवा खिशात. ते आमच्याच कोटेशनवरनं टाइप केलंय."

माप घेताना बायकोनं शिरस्त्याप्रमाणे हुकूम सोडला, "अहो, वाढत्या अंगाचा घ्या." दुकानदारानं सव्वीस नंबर काढून ठेवला होता, तो आत गेला आणि तीस आला. खाली चार बोटं दुमड, बगलेत शिवण सोडलेली, कमरेला टिपा. मुलगी त्यात होती, हे तिनं "पप्पा, मी दिसतीय का?" असं विचारल्यामुळे कळलं. आपल्याकडे गणवेश मुलाला बसावा ही अपेक्षाच नसते. मूल सातवीपर्यंत गणवेशाला बसेल, एवढं पाहायचं असतं.

'केस नीटनेटके' हे प्रकरण तर वेगळंच. आधी तोंडी निरोप आला की, केस खांद्याखाली असतील तर दोन वेण्या आणि खांद्याच्या वर असतील तर हेअरबँड. आमच्या मुलीचे केस मान सरळ ठेवली की खांद्याच्या वर असत आणि फळ्याकडे पाहायला मान वर केली की खांद्याखाली जात. बायकोनं फूटपट्टी लावून पाहिली. ओले असताना वेण्यांना पात्र, वाळल्यावर अपात्र. शेवटी दप्तरात रिबिनी आणि डोक्यावर हेअरबँड अशी दुहेरी तरतूद करून आम्ही तिला पाठवू लागलो. रिबिनींचा रंग कुठंही दिलेला नव्हता. पांढऱ्या पाठवल्या तर काळ्या हव्या होत्या. काळ्या पाठवल्या तेव्हा कळलं, पांढऱ्या चालतात, पण बुधवारी.

हे सगळं अंमलात कोण आणतं, तर गेटवरचे मामा. मुख्याध्यापिका वर्षातून दोनदा भाषणात शिस्तीचा उल्लेख करतात, बाकी संपूर्ण घटना मामांच्या डोक्यात असते. मोज्याच्या काठावर दोन पट्ट्या हव्यात, निळी वर आणि लाल खाली, ही गोष्ट त्या छापील कागदात नव्हती. ती मामांनी सांगितली. आमचे मोजे त्या दिवशी उलटे पडले होते, म्हणजे लाल वर. मी म्हटलं, "मामा, मोजा खाली दुमडला की आपोआप निळी वर येते." त्यांनी खाली बसून स्वतः मोजा दुमडून पाहिला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "जाऊ द्या आज. पण हे मोठ्या बाईंना सांगू नका, त्यांना पट्ट्यांचं म्हाईत न्हाई."

साताऱ्याच्या पावसात काळे बूट हा स्वतंत्र विषय आहे. जुलैत एकदा भिजलेला बूट ऑगस्टात वाळतो. आम्ही गटावर विचारलं, 'पावसाळी सँडल चालतील का?' यावर कुणीच काही बोललं नाही. मौनाला संमती समजून निम्म्या पालकांनी सँडल घेतल्या आणि ज्या दिवशी घेतल्या त्याच रात्री साडेनऊनंतर सूचना आली की, 'काही विद्यार्थी अयोग्य पादत्राणे घालून येत आहेत.' मला अशा वेळी सैनिक शाळेत मुलगा असलेल्या आमच्या शेजाऱ्यांचा फार हेवा वाटे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ ला आमच्या साताऱ्यातच सुरू झाली. तिथं काय घालायचं याबद्दल कुणाच्या मनात शंका उरत नाही आणि कुणी गुलाबाचं फूलही पाठवत नाही. शेजारी म्हणायचे, "कडक आहे हो फार." मी म्हणायचो, "कडक चालेल. लिहून देतात ना?"

तरी एका शाळेवर डाफरण्यात अर्थ नव्हता, कारण दरम्यान खुद्द राज्य सरकारनं हाच उद्योग अवघ्या महाराष्ट्रात करून पाहिला. २०२३ साली तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' जाहीर केला. जाहीर केला तो शाळा उघडायच्या तोंडावर. तोवर अनेक गावांत शाळा व्यवस्थापन समित्यांनी कापड ठरवून शिंप्याला आगाऊ रक्कमही दिलेली. मग तोडगा निघाला : तीन दिवस शाळेचा गणवेश, तीन दिवस सरकारचा. म्हणजे एक राज्य, दोन गणवेश. पुढच्या वर्षी, २०२४-२५ ला, कापड एकदम वरूनच खरेदी झालं. आकाशी शर्ट नि गडद निळी पँट महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी शिवायची आणि दुसरा स्काऊट-गाईडचा जोड गावातल्या समितीनं शिवून घ्यायचा. त्याच्या शिलाईला शंभर रुपये आणि वरखर्चाला दहा, असे एकशे दहा.

आमचे दाजी खानापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. एकशे दहाचा आकडा ऐकून ते म्हणाले, "एवढ्यात विट्याचा टेलर पँटची चेन बदलून देईल. पँट आपण न्यायची." पुढं काय झालं ते पेपरांत सगळ्यांनी वाचलं. कुठं कपडे आलेच नाहीत, कुठं आले ते मापाला येईनात, अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी पोरं जुन्याच गणवेशात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं नवा निर्णय काढून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हवाली केलं. चाळीस लाखांवर मुलांचं माप मंत्रालयात बसून घेता येत नाही, हे आमच्या खणआळीतल्या माणसानं चहाच्या एका कपात सांगितलं असतं.

शिक्षकांनाही सरकारनं सोडलं नव्हतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं त्यांना जीन्स आणि टीशर्ट बंद झाले, गडद आणि नक्षीदार कपडे बंद झाले, आणि पुरुषांना शर्ट आत खोचणं आलं. शिवाय डॉक्टरांच्या नावाआधी 'डॉ.' तसं शिक्षकांनी 'टि.' लावावं असंही ठरलं. दाजींना जीन्सचं दुःख नाही, ते आयुष्यभर टेरिकॉटमध्येच वावरले. पण घराच्या पाटीवर 'टि.' लावायला ते अजून तयार नाहीत. "गावातली माणसं टीव्ही दुरुस्तीला आणतील," म्हणाले.

खरं तर मी गणवेशाच्या बाजूचा माणूस आहे. साताऱ्यात राहून दुसऱ्या बाजूचा होणं अवघडच. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी या गावात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली आणि त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पोरापोरांत फरक दिसू नये, ही त्यामागची ओढ. गणवेशही त्यासाठीच असतो ना? पण आमची मुलगी एके दिवशी घरी आली ती तोंड फुगवून. "पप्पा, माझा मोनोग्राम चिकटवलेला आहे. तिचा विणलेला आहे." तिनं खिसा पुढं केला. मी चष्मा लावून पाहिला तरी फरक दिसेना. तिच्या बाकावरच्या सगळ्याजणींना मात्र तो पाच फुटांवरून दिसत होता. विणलेला मोनोग्राम शाळेनं 'सुचवलेल्या' दुकानात मिळतो. सक्ती अजिबात नाही. सक्ती करता येत नाही, म्हणून सुचवतात.

त्यात ऐन ऑगस्टात माझी बदली सांगलीला झाली. बायको म्हणाली, "नशीब, इथंही आकाशी आणि चौकटच आहे." मी म्हटलं, "कुठली आकाशी?" कृष्णेचं पाणी माहुलीवरून कऱ्हाडला आणि कऱ्हाडवरून सांगलीला कुणाला न विचारता जातं. गणवेश जात नाही. साताऱ्याची चौकट सांगलीत अर्ध्या सुतानं लहान ठरली आणि दोन वर्षांची बेगमी म्हणून घेतलेला तीस नंबर एका झटक्यात घरात घालायचा फ्रॉक झाला.

नव्या शाळेचा नियम होता, 'ट्यूनिकची लांबी गुडघ्यापर्यंत, योग्य असावी.' हे सांगलीत वाचून मला मौज वाटली. या गावाला मोजमापाचं वावडं आहे म्हणावं, तर आयर्विन पुलापाशी पाण्याचे फूट कसे चोख मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा अवघ्या सांगलीला इंचाइंचाचा हिशेब तोंडपाठ होता. पावसाळ्यात इथं माणसं जेवलास का विचारायच्या आधी "किती फुटावर आलं?" विचारतात. नदीबद्दल वाद नाही. ट्यूनिकबद्दल आहे. गुडघ्यापर्यंत म्हणजे गुडघा झाकून की गुडघा सोडून, आणि शिपायासमोर उभी असलेली मुलगी की बाकावर बसलेली? मी पालकसभेत विचारलं. बाई फार सज्जन होत्या. म्हणाल्या, "पालकांनी कॉमनसेन्स वापरावा." सभागृहातल्या सगळ्या पालकांनी मान डोलावली आणि बाहेर पडल्यावर प्रत्येकानं दुसऱ्याला विचारलं, "तुमचा किती आहे?"

थंडीच्या आधी स्वेटरची सूचना आली. आता वेळही ओळखीची होती. 'शाळेला शोभेल असा, नेव्ही ब्ल्यू.' या वेळी मी गटावर काहीएक विचारलं नाही. शनिवारी सरळ कापडपेठेत गेलो आणि दुकानात पाऊल ठेवताच शाळेचं नाव, इयत्ता, नंबर, सगळं एका दमात सांगून टाकलं. दुकानदारानं निळा स्वेटर काढला. गळ्याला पांढरी पट्टी. मी पैसे काढले, तशी त्यानं स्वेटरवर हात ठेवला.

"साहेब, ओळखीचे म्हणून सांगतो. हा घेऊ नका. आठवडाभर थांबा. पट्टी बदलतीय, यंदा पिवळी येणार हाय."

"असं? शाळेनं कळवलं तुम्हाला?"

"नाही वो," तो स्वेटरची घडी घालत म्हणाला, "शाळेला आम्ही सोमवारी कळवणार हाय."