मालकांची निकड

जबलपूरजवळच्या पनागरात भाड्याने राहणाऱ्याला पंचांगाची गरज नाही. मालकाच्या घरी लग्न कधी निघणार, हे मटाराच्या आवकेवरून कळतं. दिवाळी सरते, शेंगांची पोती मंडीकडे निघतात, बाहेरगावचे व्यापारी चढ्या भाड्याने खोल्या शोधू लागतात; आणि मालक ओसरीवर येऊन खाकरतात. “भाईसाब, लड़के की शादी है. कमरा खाली करना पड़ेगा.” करार अकरा महिन्यांचा, सरलेत चार. पण शुभकार्यात मोडता कोण घालणार? गेल्या हंगामात याच मुलाचं लग्न होतं, त्याआधीच्या भाडेकरूच्या वेळीही त्याचंच. मुलगा सध्या अकरावीत आहे.

करार मात्र अगदी रीतसर असतो. भाडं पाच तारखेच्या आत, खिळा ठोकायचा नाही, रात्री दहानंतर पाहुणा नाही, घर सोडायचं तर महिनाभर आधी कळवायचं. या झाल्या भाडेकरूच्या अटी. मालकाने करायचं एवढंच, की खाली सही. मुदत अकराच महिन्यांची, कारण वर्षावरचा भाडेपट्टा 1908 च्या कायद्याने नोंदवावा लागतो. नोंदणी आली की खर्च आला. म्हणून सगळा देश बारावा महिना गाळून राहतो.

आता कायद्याचं ऐका. मध्य प्रदेशचा 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम जिथे लागू आहे, तिथे त्याचं बारावं कलम म्हणतं, की करारात काहीही लिहिलेलं असो, ठरावीक कारणांवाचून भाडेकरूला काढण्याचा दावाच लावता येणार नाही. भाडं थकलं, पोटभाडेकरू घुसवला किंवा मालकाला स्वतःसाठी खरोखर जागा हवी, अशी ती कारणं. ही निकडही कोर्टात शाबीत करावी लागते, आणि तिच्या नावावर सोडवलेली जागा लगेच दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. पाणी-वीज तोडायलाही मनाई आहे.

एवढा कडक कायदा असल्यामुळे मालक कोर्टाची पायरीच चढत नाहीत. ते बोअरची मोटर बंद करतात. “मोटर जल गई.” भाडेकरूचं कपाट टेम्पोत चढलं, की जळालेली मोटर मिस्त्रीवाचून सुरू होते. हायकोर्ट जबलपुरातच, ऑटोने जाण्याच्या अंतरावर. पण बादली घेऊन हायकोर्टात जाता येत नाही.

महाराष्ट्रातले नातेवाईक फोनवरून ऐट मिरवतात. तिकडे 1999 च्या कायद्याने करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. केंद्रानेही 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला: राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, करारात ठरल्यावाचून मुदतीच्या मध्येच भाडं वाढवायला नको. मात्र तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर. म्हणजे आदर्श दिल्लीत, भाडेकरू गल्लीत.

या सगळ्या हक्कांना लागते एक चिटोरी: भाड्याची पावती. ती मागून पाहा. मालकांचा चेहरा पडतो. “आप तो घर के आदमी हैं, आपसे क्या लिखा-पढ़ी!” भाडेकरूला काढायला दावा, पुरावे, तारखा लागतात. घरच्या माणसाला काढायला संध्याकाळपर्यंतचा वेळ पुरतो.