पांढरा सेसना

आप्पाला 'उत्तर देऊ नकोस' म्हणणं म्हणजे माशीला 'गुळावर बसू नकोस' म्हणणं. मंडळाच्या सभेत आभार मानून झाले, लोक चपला शोधायला लागले, की हा उठतो : "एक छोटासा मुद्दा होता." गाडीतल्या जीपीएसची बाई डावीकडे वळायला सांगते, तेव्हा उजवीकडचा रस्ता कसा जवळ पडतो हे तो तिला समजावतो. तीही बिचारी मार्ग बदलते.

पंचेचाळिशीत तो शिकागोजवळच्या एका छोट्या विमानतळावर विमान चालवायला शिकला. उडण्याची हौस, असं तो सांगतो. माझा संशय रेडिओवर आहे. टॉवरने सूचना दिली की वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची असते. म्हणजे शेवटचा शब्द नियमानेच आप्पाचा!

गेल्या जुलैत त्याने मला ऑशकॉशला नेलं. विमानं घरी बांधणाऱ्या हौशी मंडळींनी १९५३ साली एक संघटना काढली. १९७० पासून तिची जत्रा विस्कॉन्सिनमधल्या या गावी भरते. आठवड्यात दहा हजारांच्या आसपास विमानं येतात. निघण्याआधी विमानातल्या वजनाचा हिशोब झाला. मी माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो सांगितलं, तर आप्पाने डिकीतून वजनकाटा काढला. एक्क्याऐंशी भरलं. "तीन किलो म्हणजे गॅलनभर पेट्रोल," तो म्हणाला आणि माझा चिवड्याचा डबा गाडीतच राहिला.

वाखरीला पालख्या एकत्र येतात तशी रिपन गावावर विमानं जमतात. तिथून एकामागे एक, अर्ध्या मैलाचं अंतर ठेवून, १८०० फुटांवर, ९० नॉट वेगाने, खालच्या रेल्वेच्या रुळांवरून फिस्कपर्यंत जायचं. तिथे गुलाबी शर्टातले कंट्रोलर जमिनीवर दुर्बिणी घेऊन असतात. रंग बघून हाक मारतात. सगळेच बोलू लागले तर रेडिओची मंडई होईल, म्हणून वैमानिकाने तोंड उघडायचं नाही. नुसते पंख हलवायचे.

हे सगळं आप्पाने तीसेक पानांच्या पत्रकात वाचलं होतं, मलाही वाचून दाखवलं होतं. पण वाचणं वेगळं.

हेडफोनात आवाज आला, "पांढरा सेसना, पंख हलवा."

आप्पा ढिम्म.

"अरे, आपल्याला म्हणतोय!"

"आपलं विमान पांढरं नाही. क्रीम आहे."

"आप्पा, हलव!"

"मी कागदोपत्री क्रीम लावलंय."

पुन्हा आवाज आला, या वेळी जरा चढा. आप्पाचा अंगठा बोलायच्या बटणावर टेकलेला मला दिसला. कानाच्या पाळ्या लाल, ओठ मुडपलेले, कपाळावर घामाचा एक थेंब भुवईपर्यंत येऊन थबकलेला. मागे अर्ध्या मैलावर दुसरं विमान, त्यामागे तिसरं. शेवटी त्याने योक डावी-उजवीकडे असा काही हिसडला, की मला सकाळचा उपमा आठवला.

"झकास हलवलेत, पांढरा सेसना!"

त्याच्या घशातून प्रेशर कुकरची शिट्टी येता येता राहावी तसा आवाज आला. पुढे टॉवरने धावपट्टीवरच्या हिरव्या ठिपक्यावर उतरायला सांगितलं. खरं सांगायचं तर आप्पाचे हात उत्तम आहेत. चाकं बरोबर ठिपक्यावर टेकली. टॉवरने स्वागत केलं. त्यालाही उत्तर नाही! पंखाखाली तंबू ठोकेपर्यंत तो माझ्याशीसुद्धा बोलला नाही. मला काळजीच वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉफी घेऊन वळलो, तर रांगेत एक गुलाबी शर्ट उभा. आप्पाने आपला कप माझ्या हातात दिला.

"धर जरा. एक छोटासा मुद्दा आहे."

दोन्ही कॉफ्या मीच प्यायलो. दुसरी गारच होती.