कंबरपंत

कंबरपंत ओळखायला एमआरआय लागत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये गाद्यांच्या सोफ्याकडे ढुंकूनही न पाहता जो सरळ पाठीची खुर्ची हेरतो, बसताना ‘आई गं’ आणि उठताना ‘चला’ म्हणतो आणि जेवणाच्या रांगेत कुणी विचारलेलं नसताना ‘माझा एल-फोर, एल-फाइव्ह’ असा विषय काढतो, तो कंबरपंत. खरं नाव काहीही असो. प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतोच. मोठ्या सोसायट्यांत विंगवार असतात. आमचे ठाण्याचे.

कंबरपंतांच्या कमरेत उसण भरली ती मोजा उचलताना. पण मोजा हे काही चारचौघांत सांगण्यासारखं कारण नव्हे. त्यामुळे संध्याकाळपर्यंत मोज्याचा गॅस सिलिंडर झाला आणि रविवारी मेव्हणे भेटायला आले तेव्हा पंतांनी म्हणे एकट्याने गोदरेजचं कपाट सरकवलं होतं.

त्यानंतरचे दिवस कडक व्रताचे. फिजिओने दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर चुंबकाने चिकटतो. पहाटेचा गजर लागतो. तो घरातल्या सगळ्यांना उठवतो आणि शेवटी पंतांनाही. मग उताणं झोपून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलणं सुरू होतं. पंत मोठ्याने मोजतात. ‘सहा’ला फोन वाजतो, बोलणं होतं आणि मोजणी ‘नऊ’पासून पुढे चालू होते. मग हातापायांवर ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर काढायची आणि सावकाश खाली सोडायची. नेमक्या त्याच वेळी मावशी केर काढायला येतात. ‘काका, जरा सरका,’ म्हणतात. पंत आसन न मोडता, तसेच चार पायांवर, टीव्हीच्या टेबलापर्यंत सरकतात. मावशी केर काढून पुढे जातात. एवढी निष्ठा एखाद्या योग्याकडेही नसेल.

निष्ठा म्हटली की साहित्य आलं. मॅट येते, मोठा चेंडू येतो, शेकायची पिशवी येते, महानारायण तेल येतं आणि कमरेचा पट्टा येतो. पट्टा पंत शर्टावरून बांधतात. आतून बांधला तर लोकांना कळणार कसं? जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी डिसेंबर 2023मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे आणि पट्टे सरसकट वापरू नयेत असंही म्हटलं आहे. डॉक्टर भाचीने हे सांगितलं तेव्हा पंत म्हणाले, ‘त्यांना काय कळतंय? हा साडेआठशेचा आहे.’

एवढ्यात दुखणं थांबतं आणि इथेच घात होतो. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण सुटते. पंत त्याचं श्रेय तेलाला देतात आणि व्यायामाला निरोप. दुखत होतं तेव्हा व्यायाम करायचा हुरूप होता, पण अंग साथ देत नव्हतं. आता अंग साथ देतं, तर हुरूप गेला. पाडव्यापासून सुरू करू, मग आंबे संपू देत, मग पाऊस जरा ओसरू दे. गणपतीत मॅट सापडते, ती भजनी मंडळाच्या पेटीखाली.

मधूनमधून पंतांना जाग येते. सवय लागायला 21 दिवस लागतात, यावर त्यांची गाढ श्रद्धा. हा आकडा 1960 साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून पसरला. त्याने पाहिलं होतं ते रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला लागणारा वेळ. पुढे लंडनच्या विद्यापीठात साध्या रोजच्या सवयी तपासल्या, तेव्हा सरासरी 66 दिवसांवर गेली. पंतांच्या कामाची गोष्ट त्याच अभ्यासात आहे: एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. पण हे पंतांच्या तत्त्वात बसत नाही. त्यांच्याकडे एक खाडा झाला की आधीचं सगळं पुण्य बाद. मग नवी सुरुवात सोमवारपासून, आणि सोमवारी नेमकी चतुर्थी असते.

अखेर भाचीने उपदेश सोडून दिला आणि मामाला नुसतं चालायला धाडलं. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या लोकांवर ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली, 2024मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. नियमित चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण 208 दिवस गेले, बाकीच्यांची 112 दिवसांतच धरली. हे आकडे पंतांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. ते उपवन तलावावर गेले ते कोपऱ्यावरच्या चहासाठी.

तिथे त्यांना एक टोळी भेटली. निवृत्त बँकवाले, एक वकील, दोन व्याही आणि सोसायटीचे माजी सेक्रेटरी. हे लोक तलावाला फेऱ्या मारतात आणि फेरीगणिक एकेक विषय मार्गी लावतात. नियम लिहिलेला नाही, पण कडक आहे: जो आला नाही, त्या दिवशीचा विषय तो. पहिल्याच आठवड्यात पंतांनी गैरहजर वकिलांच्या सुनेपासून पार्किंगपर्यंत सगळं ऐकलं, त्यात दोन मुद्द्यांची भरही घातली. आणि घरी परतताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण गेलो नाही तर काय होईल.

तेव्हापासून खाडा नाही. पावसात छत्री घेऊन जातात, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जातात. कंबर बरी आहे. भेटेल त्याला पंत सांगतात, ‘मनोनिग्रह लागतो हो, मनोनिग्रह!’ परवा एकदाच ताप भरला. पहाटे पाचला त्यांनी टोळीच्या व्हॉट्सॲपवर थर्मामीटरचा फोटो टाकला, खाली लिहिलं: ‘101. उद्या येतोय. पार्किंगचा विषय माझ्यासमोरच घ्यावा.’