ढाळ कुठे दिलात, भाऊ?

मिसिसागा, ऑक्टोबर 2024

प्रिय भाऊ,



मे महिन्यापासून तुमचा फोन वाजतो आणि आपणहून बंद होतो. म्हणून हे पत्र उघडच लिहितोय. नाव घालत नाही. वाचलंत की तुम्हाला कळेलच.

मागच्या वर्षी गणपतीच्या महाप्रसादाच्या पंगतीत आपली ओळख झाली. दुसऱ्यांदा मसालेभात घेत तुम्ही म्हणालात, "घर स्वतः बांधताय? मग ड्रेनचं काम माझ्याकडे. इथले लोक नुसतं मोजत बसतात हो!" त्या क्षणी मला त्यात अनुभव दिसला. तो प्रामाणिक इशारा होता हे आता कळतंय. तुम्ही खरंच काहीही मोजलं नाहीत.

बायको म्हणत होती, तीन कोटेशनं घेऊ. मी म्हणालो, आपला माणूस आहे. या तीन शब्दांची किंमत मी अजून हप्त्याहप्त्याने भरतोय.

आता कामाचं बोलू. ओंटारिओच्या बांधकाम संहितेत तीन इंचांपर्यंतच्या सांडपाण्याच्या पाइपला पन्नासास एक आणि चार इंचांपासून पुढे शंभरास एक असा किमान ढाळ सांगितलाय. आपला पाइप चार इंची. घरापासून रस्त्याकडच्या जोडापर्यंत लांबी 22 मीटर. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाइप फक्त 22 सेंटिमीटर खाली जायला हवा होता. भाऊ, ही एक वीत झाली. जमिनीखाली एक वीत, एवढंच मागणं होतं.

पुण्यात पेशवाईत कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, लेसर नाही, नुसता ढाळ आणि मधे मधे हवा सुटायला उच्छ्वास. तुम्ही तर पुण्याचेच. 'आमचं घराणं बांधकामातलं' असंही पंगतीत सांगितलं होतंत. त्या घराण्याने पेशव्यांकडे काम केलं नाही, हे पुण्याचं नशीब.

जानेवारीच्या मध्यावर तुम्ही बाहेरचा चर खणलात. थंडी उणे पंधराच्या आसपास. चराच्या कडेला काढून टाकलेली चिकणमाती रात्रीतून गोठून तिची भोपळ्याएवढी ढेकळं झाली होती. पाइपखाली खडीचा थर घालायचा, तो चोपायचा, मग पाइप, मग बाजूने पुन्हा खडी, असं मी वाचलं होतं. मी भीत भीत विचारलं. तुम्ही म्हणालात, "काळजी करू नका साहेब, माती आपोआप बसते."

बसली की! एप्रिलमध्ये बर्फ वितळला, ढेकळांतलं पाणी निघून गेलं, जिथे ढेकळं होती तिथे पोकळी झाली आणि माती बसली. पाइपही तिच्याबरोबर बसला. सप्टेंबरमध्ये कॅमेरा घालून पाहिलं तर नवव्या मीटरपासून तेराव्यापर्यंत पाइपला पोट सुटलेलं. कॅमेरावाला पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे पाणी कधी निचरणारच नाही. त्या गढूळ डबक्यात काय काय तरंगत होतं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यातला कढीपत्ता मी ओळखला.

पाइप झाकण्यापूर्वी तपासणी झाली होती, हे तुम्ही सगळ्यांना सांगता म्हणे. झाली होती, मीच तिथे उभा होतो. टोकाला बूच मारून पाइपात पाणी भरतात आणि ते पंधरा मिनिटं तसंच राहतं का ते बघतात. तुमच्या पाइपने पाणी धरून ठेवलं आणि पास झाला. तेव्हापासून त्याने ती सवय सोडलेलीच नाही.

मे महिन्यात आई पुण्याहून आली. जेट लॅग उतरायच्या आत तिने विचारलं, "हे कसलं गुडगुड वाजतंय रे?" वर वॉशिंग मशीन पाणी सोडत होतं आणि तळघरातला शॉवर त्याला साथ देत होता. जाळीतून साबणाचा फेस वर येत होता, बुडबुडा फुटत होता, पुन्हा येत होता. आईने काही न बोलता स्वयंपाकघरातून तांब्या आणला आणि लाँड्रीच्या कोपऱ्यात, तळघराच्या फरशीवर, ड्रेनच्या जाळीपासून दोन हातांवर अर्धा तांब्या पाणी ओतलं. पाणी थोडा वेळ तिथेच थांबलं. मग जाळीकडे पाठ फिरवून हळूच भिंतीशी गेलं, तिथून वळून पायऱ्यांखालच्या देव्हाऱ्याच्या खोक्यांपर्यंत पोहोचलं. आई म्हणाली, "मोरीला ढाळ दिलेला नाही. आपल्या वाड्यातला गवंडीसुद्धा आधी पाणसळ लावायचा." तिचं शिक्षण जुनी अकरावी. तुमच्या व्हॅनवर 'ड्रेनेज एक्स्पर्ट' लिहिलंय.

आता संप पंपाविषयी. पायाभोवतीचं पाणी गोळा करायला छिद्रांचा पाइप घालतात, त्याला इथे वीपिंग टाइल म्हणतात. टाइल म्हणण्यासारखं त्यात आता काही नाही, नाव पूर्वीच्या मातीच्या नळांवरून राहिलंय. तो पाइप तळघराच्या फरशीखालच्या पातळीवर हवा, वर किमान सहा इंच खडी हवी आणि शेवट संपच्या खड्ड्यात व्हायला हवा, म्हणजे पंप पाणी बाहेर फेकतो. तुम्ही चाव्या देताना खड्ड्याचं झाकण उघडून मला दाखवलं होतंत. "बघा, कोरडा ठणठणीत! याला म्हणतात काम." मी पेढे दिले.

खड्डा आजही कोरडा आहे. भिंती ओल्या आहेत, फरशीची कड ओली आहे, कार्पेट आम्ही जूनमध्येच फेकून दिलं, पण तुमच्या खड्ड्यात कोळ्याने जाळं केलंय. कारण साधं आहे. वीपिंग टाइल खड्ड्याला जोडलेलीच नाही. ती उत्तरेच्या भिंतीपर्यंत येते आणि तिथे मातीत थांबते. पंप नवाकोरा, एकदाही चाललेला नाही, विकायचा असल्यास कळवावे. आणि रडायचं काम जिच्याकडे होतं ती गप्प बसल्यावर ते घरातल्या माणसांकडे आलं.

एवढ्यावरही आम्ही निभावलं असतं. पण 16 जुलै आला. पिअर्सन विमानतळावर त्या दिवशी 97.8 मिलिमीटर पाऊस मोजला. डॉन व्हॅली पार्कवे पाण्याखाली गेला, युनियन स्टेशनात पाणी शिरलं, टीव्हीवर गाड्या तरंगताना दिसत होत्या. आम्ही खिडकीत बसून चहा पीत होतो, कारण आमच्याकडे बॅकवॉटर व्हॉल्व्ह होता. रस्त्याखालचा सिवर भरला की हा व्हॉल्व्ह मिटतो आणि गावाचं पाणी घरात येत नाही. खरंच नाही आलं. भाऊ, तो व्हॉल्व्ह हे तुमचं एकमेव बिनचूक काम. त्याने गावाचं पाणी बाहेर अडवलं आणि आमचं आत.

कारण मागच्या अर्ध्या छपराच्या पन्हळीचं पाणी तुम्ही जमिनीखालून, कोणाला न सांगता, घरातल्या सांडपाण्याच्या पाइपला जोडून ठेवलं होतं. तेही व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला. हे नियमात बसत नाही. पावसाचं पाणी नुसतं अंगणात सोडलं असतं तरी चाललं असतं. पण बाहेर वेगळा चर खणायला दोन दिवस गेले असते, नाही का? छपराचा तो भाग 80 चौरस मीटरचा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. विमानतळावरचा आकडा धरला तर हिशेब 7,824 लिटरचा. व्हॉल्व्ह मिटलेला, तेव्हा या पाण्याला एकच मोकळी वाट होती: तळघरातली ती जाळी. आई पायऱ्यांवर बसून खाली बघत होती. म्हणाली, "पानशेत आठवलं."

17 ऑगस्टला पिअर्सनवर 128.3 मिलिमीटर झाला. तेव्हा आम्ही पन्हळ कापून टाकली होती, तरी फरशीवर घोट्याएवढं पाणी होतंच. ते वीपिंग टाइलच्या खात्यातलं. गणपतीला तीन आठवडे होते. मुलगा म्हणाला, बाबा, यंदा विसर्जन घरातच करता येईल. त्याला ओरडलो नाही.

तुम्ही मित्रांना सांगता की मिसिसागात सगळीकडेच तळघरांत पाणी येतं, त्यात माझा काय दोष. इथल्या लिसगार भागाचा दाखला देता असंही कानावर आलंय. लिसगारची गोष्ट मला माहीत आहे. तिथे 2008 पासून पायाभोवतीच्या ड्रेनांत पाणी फुगायचं. शहराने वर्षानुवर्षं तपास केला. पावसाळी गटारांतून झिरपलेलं पाणी पाइपच्या आत नाही, तर पाइपभोवतीच्या खडीतून घरांपर्यंत येतंय असं निघालं, आणि शेवटी ते उपसायला पंप बसवले. त्यांचा घोटाळा समजायला इंजिनिअर लागले. तुमचा कळायला अर्धा तांब्या पुरला.

हमीचं म्हणाल तर तीही तुम्हाला माहीतच असणार. बिल्डरकडून नवीन घर घेतलं असतं तर टेरियन संस्थेची हमी होती. स्वतः बांधलेल्या घराला ती नसते. परमिटवर नाव माझं, म्हणजे बिल्डर मी. तुमची तक्रार करायला गेलो की समोरचा माणूस नम्रपणे मलाच बिल्डर म्हणून विचारतो, साहेब, देखरेख कोण करत होतं? खरं उत्तर असं आहे की देखरेख करणारा माणूस त्या वेळी तुमच्यासाठी गरम उपमा आणायला घरी गेला होता.

परवा नवीन माणसाने चर उघडला. नवव्या मीटरपाशी पाइपखाली लाकडाचा एक तुकडा होता, पाचर मारल्यासारखा. अकराव्या मीटरपाशी टिम हॉर्टन्सचा कॉफीचा कप, पाइपच्या पोटाखाली नेमका बसलेला, आधारासाठी. चपटा झाला होता, पण त्याने जमेल तेवढं केलं.

आता एकच विनंती. बाहेरचा क्लीनआउट, म्हणजे पाइप साफ करायचं तोंड, तुम्ही कुठेतरी पुरलाय. बिलात त्याचे पैसे आहेत, जमिनीवर झाकण नाही. पॅटिओच्या काँक्रीटखाली आहे की मेपलच्या मुळाशी, एवढं कळवा. चर पुढे न्यायचा तर तो सापडायला हवा, आणि जमीन गोठायला आता फार दिवस नाहीत. फोन घेऊ नका, नुसता मेसेज टाका.

आणि हो, तुमची पाणसळ मिळाली. तेराव्या मीटरपाशी मातीत होती. वरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नाही, किमतीचं लेबलही तसंच आहे. आईने पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. येऊन घेऊन जा.

आपला,
तळघरवाला