तुझा बापही तुझी बाजू घेत नाही: स्टोरी पॉइंटला खुलं पत्र

स्टोरी पॉइंट,

मायना लिहिण्याइतका आदर तुझ्याबद्दल उरलेला नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. हिंजवडीतली नोकरी मी सोडली तेव्हा लोकांनी आपापली कारणं लावली: ट्रॅफिक, रात्रीचे कॉल, तब्येत. ट्रॅफिकने मला छळलं, पण कोड लिहायची इच्छा त्याने मारली नाही. ते काम तुझं.

दर स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक फेरीच्या, सुरुवातीला आम्ही तुझ्यापुढे बसायचो. काम कुणी उघडूनही पाहिलेलं नसायचं, पण ते किती मोठं याचा आकडा, म्हणजे तू, लगेच हवा: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. नवीन लागलेली मुलगी आठ म्हणाली की मॅनेजर म्हणायचे, "पाचात बसव ना." तिने नाइलाजाने पाच म्हटलं की तो अंदाज तिचा शब्द व्हायचा. शब्द पाळला गेला नाही की "स्पिलओव्हर"खाली तिचं नाव सगळ्यांसमोर पडद्यावर.

मी तर नुसता आकडा, असं म्हणून हात झटकू नकोस. पगाराच्या एका जुन्या मॉड्यूलमध्ये बेरजेत एका पैशाचा फरक येत होता. रुपये फ्लोटमध्ये साठवलेले. बायनरीत 0.1 नेमका लिहिताच येत नाही, म्हणून 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 दिसते. सगळे हिशेब पूर्ण पैशांत किंवा डेसिमलमध्ये नेणं हाच खरा इलाज होता, आणि तो आम्हाला माहीत होता. पण त्या कामाच्या तिकिटावर तू "2" होऊन बसला होतास. दोनात काय होणार? रिपोर्ट छापताना राउंड करून मोकळे झालो. तिकीट बंद, चूक जिथल्या तिथे.

पुढे वरून विचारणा आली, शेजारच्या टीमपेक्षा तुमचे पॉइंट कमी का? पुढच्या स्प्रिंटपासून दोनाचं काम पाचाचं झालं. काम तेवढंच, आकडे गुबगुबीत. आणि तुला म्हणे मोजमाप म्हणायचं!

तुझी जन्मकथाही धड नाही. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्या मंडळींत अंदाज "आदर्श दिवसां"त द्यायचे: कुणी मध्ये आलं नाही तर किती दिवस लागतील. प्रत्यक्षात साधारण तिप्पट लागायचे. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे, असं लोक विचारू लागले, तेव्हा "दिवस" हा शब्द काढून तुला पुढे केलं. रॉन जेफ्रीज त्या मंडळींतले, 2001च्या अजाइल जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या 17 जणांपैकी एक. 2019 मध्ये त्यांनीच लिहिलं, की तुला कदाचित आपणच जन्माला घातलं, आणि तसं असेल तर आता त्याचा खेद वाटतो. ज्याच्या बापाने हात वर केले, त्याच्यापुढे आमच्या पोरी अजून माना खाली घालून बसतात.

मी आता पुन्हा कोड लिहिते आहे. आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी मराठी वर्णक्रमाने लावणारा प्रोग्रॅम, पायथनमध्ये. साधं सॉर्ट लावलं की "क्षितिज" थेट "ख"च्या आधी जाऊन बसतं आणि "काळ" येतो "कावळा"च्या आधी. कारण युनिकोडमध्ये "ल"ला लागूनच "ळ" आहे, आणि "क्ष"ला स्वतःची जागाच नाही. तो "क", हलन्ताचं चिन्ह आणि "ष" असा तिघांचा मिळून होतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे तिघेही "ह"नंतर. वाचनालयातल्या बाईंना हे झोपेतही पाठ आहे. यंत्राला शिकवावं लागतं. मी प्रत्येक अक्षराला त्याचा अनुक्रमांक दिला, ती तीन चिन्हं एकत्र दिसली की एकच अक्षर धरायला लावलं आणि सॉर्टला त्या क्रमांकांवर चालायला सांगितलं. अख्खी दुपार त्यात गेली. "काळ" "कावळा"च्या खाली उतरला तेव्हा मी खुर्चीतून उठून बाईंना हाक मारली. इतका आनंद तुझ्या राज्यात मला एकदाही झाला नव्हता.

तेव्हा इकडे फिरकू नकोस. अजून लेखकांची यादी लावायची आहे. आडनाव आधी घ्यायचं की नाव, यावर बाईंचं आणि माझं जमत नाही. उद्या बसून बोलणार आहोत. त्याला किती वेळ लागेल, ते बोलणं झाल्यावर कळेल.

एक प्रोग्रॅमर