मागचं हौसेचं, पुढचं अकलेचं

ट्रायथलॉनचा नाद लागलेला माणूस पहिल्या वर्षी शर्यत पुरी कशी होईल याची काळजी करतो आणि दुसऱ्या वर्षी चाकांची. सायकलची खरी किंमत घरात अजून फुटलेली नसते, तोवर नुसत्या दोन चाकांसाठी नवी थाप शोधायची वेळ येते.

पंचाईत अशी, की या वेडाला शास्त्राचा भक्कम आधार आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यात आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या पाठीमागे लपून हवा चुकवायला बंदी. सायकलच्या १८० किलोमीटरची हवा ज्याची त्यानेच कापायची. १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत सायकलपटू फ्रान्सेस्को मोझरने स्पोक न दिसणाऱ्या, दोन्ही बाजूंनी बंद अशा चाकांवर तासाभरात ५१ किलोमीटर पार केले. तेव्हापासून साध्या चाकाकडे बघून हौशी मंडळीसुद्धा उसासे टाकू लागली.

मग साठचं घ्यायचं की ऐंशीचं? हा आकडा रिमच्या उंचीचा, मिलिमीटरमधला. समोरून येणाऱ्या हवेपुरतं बोलायचं, तर उंच रिम सरस. पण वारा काही समोरूनच यायला बांधलेला नाही. तो आडवा आला, तरी मागचं चाक फारसं मनावर घेत नाही. त्याच्यावर तुमचा भार असतो. पुढचं मात्र हँडलच्या ताब्यात. शेजारून ट्रक गेला किंवा घरांची रांग संपून एकदम खाडी लागली, की उंच रिम शिडासारखी वारा धरते आणि हँडल आपल्याला न विचारता वळू बघतं. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅनला तर असे वारे सुटतात, की तिथे बंद चाकाला वर्षानुवर्षं मनाईच होती, अगदी मागेसुद्धा.

हवेचा सगळ्यात जास्त मार सायकलला नाही, वर बसलेल्या देहाला बसतो. म्हणून तर एरो बारवर कोपरं टेकून ओणवं व्हायचं. ऐंशीच्या चाकाने घाबरवलं की माणूस ताठ उठून बसतो आणि चाकाने वाचवलेलं सगळं छातीने घालवतो.

गोव्यात २०१९ पासून आयर्नमॅनची अर्धी शर्यत होते. तिथेच काय, कुठल्याही ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली लावून ठेवतात त्या जागी, भल्या पहाटे एक चक्कर मारावी. उंच रिममधून व्हॉल्व्हचं नखभर टोक वर आलेलं, पंपाचं तोंड काही त्यावर बसत नाही. बंद चाकाची तऱ्हा याहून न्यारी. व्हॉल्व्हपाशी पोचायला एक एवढीशी खिडकी, तिच्यात घालायला वाकड्या मानेचा अडॅप्टर लागतो, आणि तो घरच्या कपाटात सुरक्षित असतो. मग ‘दादा, जरा तुमचा देता का?’ करत लाखाच्या चाकाचे मालक रांगेने फिरतात. पोहायला जायच्या आधीच त्यांना घाम फुटलेला असतो.

तेव्हा माझं मत विचाराल, तर मागचं चाक हौसेचं घ्या आणि पुढचं अकलेचं. मागे ऐंशी असेल तर पुढे पन्नास पुरे. विकत घेण्याआधी कुणाची तरी मागून आणा आणि मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी चालवून बघा. चाकं उसनी चालतील; अडॅप्टर मात्र स्वतःचा ठेवा.